राजमुकुट आणि भटारखाना

वरच्या वर्गांत शेक्सपियरचें 'मॅकबेथ' हें नाटक चाललें असतां एका विद्यार्थ्यानें आम्हांस विचारलें, "सर, राजे गेले, मुकुट गेले, मग हें नाटक आम्हीं कां शिकावें?" प्रश्न उद्धट नव्हता, प्रामाणिक होता. तासाची घंटा झाल्यामुळें त्याचें पुरतें उत्तर देतां आलें नाहीं, तें येथें देण्याचा आमचा मानस आहे. पालकांनींहि तें वाचावें अशी विनंति आहे, कारण हा विषय जितका शाळेचा तितकाच घराचा आहे.

शोकपर्यवसायी नाटकाचा नायक मोठ्या नांवाचा व वैभवाचा असावा, असें ग्रीक पंडित अॅरिस्टॉटल यानें सांगितलें आहे. उंचावरून पडलेला मनुष्य दुरूनहि दिसतो, हें त्याचें कारण असावें. पण त्याच ग्रंथांत त्यानें आणखी एक गोष्ट सांगितली आहे, ती पुष्कळांच्या ध्यानांत राहत नाहीं. शत्रूनें शत्रूला मारिलें तर मनाला फारसा चटका बसत नाहीं. भाऊ भावावर, मुलगा बापावर उठला, म्हणजे खरी करुणा उत्पन्न होते. लिअर राजाचें दुःख राज्य गेल्याचें नव्हे, मुली फिरल्याचें आहे. हॅम्लेटच्या बापाला मारणारा त्याचा सख्खा चुलता आहे. सारांश, सिंहासन ही नुसती जागा आहे. नाटक घडतें तें घरांत.

आतां मॅकबेथकडे वळूं. हें नाटक सुमारें १६०६ सालीं लिहिलें गेलें. कथा अकराव्या शतकांतील स्कॉटलंडची आहे. मॅकबेथ हा डंकन राजाचा आप्त व शूर सरदार. लढाईहून परततांना त्याला तीन चेटकिणी भेटतात, आणि तो कॉडरचा सरदार होईल व पुढें राजा होईल, असें भाकीत करितात. सोबतच्या बँकोला त्या सांगतात कीं, तूं राजा होणार नाहींस, पण तुझे वंशज राजे होतील. पहिलें भाकीत लागलीच खरें ठरतें. कॉडरची सरदारकी मॅकबेथला कोणतेंहि पाप न करितां मिळते.

येथें विद्यार्थ्यांनीं क्षणभर थांबावें. एक मान आपल्या पायांनीं चालत आला. दुसरा यावयाचा असेल तर तोहि तसाच येईल, हा विचार मॅकबेथच्या मनांत येऊन जातो. पण तो टिकत नाहीं. राजानें आपला वडील मुलगा माल्कम यास वारस ठरविल्याचें ऐकतांच त्याचा धीर सुटतो. पत्नी भर देते, आणि राजा पाहुणा म्हणून घरीं निजला असतां त्याच रात्रीं त्याचा खून होतो. शेक्सपियरच्या शोकपर्यवसायी नाटकांत हें सर्वांत आंखूड आहे, व तें सारखें धांवत असल्यासारखें वाटतें. उतावळेपणा हाच त्याचा विषय आहे, असें आमचें मत आहे.

या उतावळेपणाची किंमत घरानें कशी दिली तें पाहा. आरंभीं नवराबायकोचें एकचित्त आहे. चेटकिणींची हकीकत मॅकबेथ पत्र लिहून प्रथम पत्नीस कळवितो. खुनानंतर मात्र बँकोच्या वधाचा बेत तो तिच्यापासून लपवितो. तिनें विचारलें तरी टाळतो. मेजवानीच्या वेळीं बँकोचें भूत त्याला दिसतें, तिला दिसत नाहीं; एकाच पंगतींत बसून दोघें दोन जगांत वावरत असतात. पुढें ती झोपेंत चालूं लागते, हातावर नसलेला डाग चोळचोळून धुते. त्या रात्रीं तिच्याजवळ वैद्य आहे, दासी आहे, पण नवरा नाहीं. ती वारल्याची बातमी येते तेव्हां त्याला शोक करावयासहि सवड उरलेली नसते. मुकुट मस्तकावर आहे, पण तो ज्याच्या मस्तकावर ठेवावा असें मूल नाहीं. मॅकडफच्या घरीं तर आई व लहान मुलगा यांचें बोलणें चाललें असतांनाच मारेकरी दारांत येतात. एकाच्या सत्तेचा भार दुसऱ्याच्या लेंकरांवर कसा पडतो, तें त्या एका प्रवेशांत कळतें.

हीच कथा २००१ सालीं बिली मॉरिसेट या अमेरिकन दिग्दर्शकानें 'स्कॉटलंड, पीए' या बोलपटांत एका झटपट खाण्याच्या दुकानांत नेऊन ठेविली. येथील स्कॉटलंड म्हणजे पेनसिल्व्हेनियांतील लहानसें गांव, आणि डंकन हा राजा नसून खाद्यगृहाचा मालक. मॅक व त्याची बायको पॅट हीं तेथें नोकर. मॅक हुशार आहे, पण मालक व्यवस्थापकाची जागा आपल्या मुलाला देतो. गिऱ्हाइकाला मोटारींतून न उतरतां खिडकीशींच खाणें मिळावें, ही नवी युक्ति हाच येथला राजमुकुट! डंकन उकळत्या तेलांत पडून मरतो. पॅटच्या हातावर त्या तेलाचा शिंतोडा उडतो, आणि तो डाग तिच्या मनांतून शेवटपर्यंत जात नाहीं. दुकानावर मॅकबेथचें नांव झळकतें, गर्दी लोटते, आणि इकडे संसार मोडतो. बोलपट थट्टेचा व प्रौढांसाठीं आहे, म्हणून मुलांना त्याची शिफारस आम्ही करीत नाहीं. पण थट्टेंतूनहि एक गोष्ट सिद्ध झाली: मुकुट काढून घेतला तरी कथेचें विष उतरत नाहीं.

हाच धंदा कां निवडला असावा, हें त्या धंद्याच्या इतिहासावरून कळण्यासारखें आहे. कॅलिफोर्नियांतील सॅन बर्नार्डिनो येथें रिचर्ड व मॉरिस मॅकडॉनल्ड या भावांनीं १९४८ सालीं आपलें चालतें उपाहारगृह कांहीं काळ बंद ठेवून नव्या रीतीनें उघडलें. पदार्थ मोजकेच ठेविले, वाढपी काढून टाकिले, आणि भटारखान्यांतील कामें कारखान्यांतल्याप्रमाणें वांटून दिलीं. १५ सेंटांत हॅम्बर्गर हातोहात मिळूं लागला. १९५४ सालीं दूधपेयें घुसळण्याचीं यंत्रें विकणारे रे क्रॉक तेथें आले व शाखा काढण्याचा करार करून गेले. १९६१ सालीं त्यांनीं २७ लक्ष डॉलर देऊन भावांचा हक्क विकत घेतला. व्यवहार कायदेशीर होता. त्यांत मॅकबेथचें पातक शोधूं नये. तरी मूळ दुकानावरील आपल्याच आडनांवाची पाटी त्या भावांना उतरवावी लागली, हें वाचून मन क्षणभर थबकतें. खाणें झटपट मिळण्यांत दोष नाहीं. भुकेल्या प्रवाशाची त्यानें सोयच होते. दोष आहे तो मोठेपणहि तसाच खिडकींतून हातीं यावा, या हांवेंत.

पवित्र शास्त्राच्या वाचकांस येथें नाबोथाची आठवण झाल्यावांचून राहणार नाहीं. राजांच्या पहिल्या पुस्तकाच्या २१ व्या अध्यायांत ती कथा आहे. अहाब राजाला राज्य होतें, राजवाडा होता. हवा होता तो शेजाऱ्याचा द्राक्षमळा, आणि तोहि कशासाठीं, तर भाजीपाला लावण्यासाठीं! नाबोथानें वडिलार्जित वतन देण्याचें नाकारलें. राजा तोंड फिरवून बिछान्यावर पडला व जेवेना. ईजबेल राणीनें खोटे साक्षीदार उभे करून नाबोथास दगडमार करविला. मळा मिळाला, पण एलीया संदेष्टा तेथेंच येऊन उभा राहिला, आणि त्या पापाचें फळ अहाबाच्या सगळ्या घराण्यास भोगावें लागलें. पाप लहान वस्तूसाठीं केलें म्हणून तें लहान होत नाहीं.

आपल्या भाषेनेंहि मॅकबेथला आपलेंसें केलें आहे. शि. म. परांजपे यांनीं १८९८ सालीं त्याचें 'मानाजीराव' केलें, व वि. वा. शिरवाडकरांनीं १९५४ सालीं 'राजमुकुट'. आमच्या घरांत सिंहासन नाहीं हें खरें. पण शेताचा बांध आहे, आजोबांचें घर आहे, दुकानाच्या पाटीवरचें नांव आहे, वर्गांतला पहिला नंबर आहे. त्यांपायीं सख्खे भाऊ एकमेकांच्या घरचें पाणी पीत नाहींत, हें आपण सर्वांनीं पाहिलें आहे.

ज्यांना हें नाटक अभ्यासावयाचें आहे त्यांनीं एवढें करावें: नवराबायको एकत्र आहेत तेवढेच प्रवेश क्रमानें काढून वाचावे, व त्यांचा परस्परांवरील विश्वास पायरीपायरीनें कसा आटत जातो, तें वहींत टिपावें. मग तें टिपण घरीं वडील मंडळींस वाचून दाखवावें.

त्या विद्यार्थ्याला आमचें उत्तर हेंच. राजे गेले, पण वारसा, मान आणि हांव हीं घरोघर आहेत. म्हणून हें नाटक शिकावयाचें. जें देवानें आपणांस नेमिलें आहे तें त्याच्या वेळीं येईल. आणि जें घाईनें ओरबाडून घ्यावें लागतें, तें घेतांना ज्या हातांत आपला हात आहे तो सुटत तर नाहीं ना, हें पाहण्याची बुद्धि तो आम्हां सर्वांस देवो.