संग्रहासाठी जुनी बंदूक : निवडीच्या कसोट्या

साठा आणि संग्रह यांत फरक आहे. साठ्यात वस्तू वाढतात, संग्रहात ज्ञान वाढते. त्यामुळे संग्राहकाची खरी परीक्षा वस्तू मिळवण्यात होत नाही, निवडण्यात होते. नाणी आणि पोथ्या यांविषयी हे आपण सहज मान्य करतो. बंदुकीविषयीही ते तितकेच खरे आहे, असे इतिहासाचा विद्यार्थी या नात्याने मला वाटते. प्रस्तुत लेखात मी एकच प्रश्न घेतला आहे. अमेरिकेतील एखाद्या संग्राहकाला आपल्या संग्रहात एक जुनी 'पंप-ॲक्शन' बंदूक घ्यायची असेल, तर त्याने ती कशी पारखावी? अमेरिकेचे उदाहरण घेण्याचे कारण उघड आहे. या बंदुकीची घडण मुख्यतः त्याच देशात झाली. शिवाय आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्यात २०१९ मध्ये झालेल्या दुरुस्तीनंतर सामान्य परवानाधारकास दोनच बंदुका बाळगता येतात.

प्रथम या बंदुकीची रचना पाहू. ही छऱ्यांची बंदूक. नळीखाली दुसरी एक नळी असते व तीत काडतुसे एकामागे एक बसतात. तिच्यावरची लाकडी मूठ डाव्या हाताने मागे ओढली की उडालेले काडतूस बाहेर पडते. पुढे ढकलली की नवे काडतूस जागेवर जाते. सायकलच्या पंपासारखी ही हालचाल, म्हणून हे नाव. 'बारा बोअर' या शब्दाचा उलगडाही येथेच करतो. नळीच्या व्यासाचे शिशाचे १२ गोळे मिळून एक पौंड भरतात, ती नळी बारा बोअरची. म्हणूनच बोअरचा आकडा वाढला की नळी अरुंद होते.

ख्रिस्तोफर स्पेन्सर याने १८८२ मध्ये अशा बंदुकीचे पेटंट घेतले. पण तिला घरोघरी नेले ते जॉन ब्राउनिंग या युटा प्रांतातील कारागिराने. त्याची १८९३ ची बंदूक काळ्या दारूसाठी होती. धूरविरहित दारूचा दाब अधिक असतो, म्हणून विंचेस्टर कंपनीने तीच रचना भक्कम करून 'मॉडेल १८९७' बाजारात आणले. ते १९५७ पर्यंत चालले आणि दहा लाखांहून अधिक नग विकले गेले. १९१२ मध्ये टी. सी. जॉन्सन याने तयार केलेले 'मॉडेल १२' आले. त्यात घोडा आत दडलेला आहे, आणि यंत्र म्हणून ते अधिक सफाईदार आहे. त्याचे सुमारे २० लाख नग निघाले. पण पोलाद कोरून भाग घडवण्याचा खर्च पुढे परवडेना, आणि १९६४ च्या सुमारास त्याचे नियमित उत्पादन थांबले. १९५० मध्ये आलेल्या रेमिंग्टनच्या स्वस्त 'मॉडेल ८७०' ने बाजार जिंकला. २००९ पर्यंत त्याचे एक कोटी नग तयार झाले होते.

आता कसोट्या. पहिली कसोटी सुरक्षिततेची. १६ बोअरच्या जुन्या बंदुकांत काडतुसाचे घर २ ९⁄१६ इंचांचे असते, तर आजचे काडतूस २ ३⁄४ इंचांचे. वरवर ते बसते. पण उडताना त्याचे तोंड उघडायला जागा पुरत नाही आणि दाब वाढतो. म्हणून घराची लांबी जाणकाराकडून मोजून घेतल्याशिवाय जुनी बंदूक झाडू नये.

दुसरी कसोटी अस्सलपणाची. सुटी होणारी नळी असलेल्या विंचेस्टरमध्ये क्रमांक दोन ठिकाणी कोरलेला असतो : मधल्या पोलादी पेटीवर आणि नळीच्या बाजूच्या जोडभागावर. दोन्ही क्रमांक जुळले, तर दोन्ही भाग कारखान्यातून एकत्र निघाले असे मानता येते. क्रमांकावरून वर्षही काढता येते, आणि त्याला कायदेशीर महत्त्व आहे. कारण १९६८ च्या अमेरिकन कायद्यानुसार १८९८ वा त्यापूर्वी बनलेली बंदूक 'पुराणवस्तू' ठरते. झिलईही नीट पाहावी. नव्याने चमकवलेली बंदूक डोळ्यांना सुखावते. परंतु घासताना अक्षरांच्या कडा बोथट होतात आणि मूळ पृष्ठभाग कायमचा जातो. जुन्या कागदावरची अक्षरे कोणी नव्या शाईने गिरवली, तर आपण त्याला जीर्णोद्धार म्हणणार नाही.

तिसरी कसोटी मोहाची. पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैन्याने मॉडेल १८९७ ची नळी आखूड करून, तिच्यावर भोकांचे पत्र्याचे आवरण व संगिनीची सोय बसवून ती खंदकांत वापरली. सप्टेंबर १९१८ मध्ये जर्मनीने याविरुद्ध निषेध नोंदवला आणि अमेरिकेने तो फेटाळला. या कथेमुळे त्या बंदुकांची किंमत फार चढली, आणि साध्या बंदुकीला आवरण जोडून, खोटे लष्करी शिक्के मारून विकणारेही निपजले. अशा व्यवहारात पैसा तर बुडतोच, शिवाय एक अस्सल शिकारी बंदूक नष्ट होऊन इतिहासात एक खोटा पुरावा शिरतो. हे दुसरे नुकसान मला अधिक गंभीर वाटते.

माझी निवड विचाराल, तर मी बारा बोअरचे साधे मॉडेल १८९७ घेईन : क्रमांक जुळणारे, हाताळून झिलई विटलेले, दस्त्यावर ओरखडे असलेले. मॉडेल १२ यंत्र म्हणून सरस आहे, हे मान्य. पण मॉडेल १८९७ चा उघडा घोडा एकोणिसाव्या शतकाचा आहे आणि आतली दारू विसाव्या शतकाची. दोन युगांचा सांधा त्या एकाच वस्तूत डोळ्यांनी पाहता येतो. मूठ जिथे गुळगुळीत झाली आहे तिथे ती कोणा शेतकऱ्याने वा बदकांच्या शिकाऱ्याने वर्षानुवर्षे धरली असणार. त्याचे नाव कुठे नोंदलेले नाही. त्याच्या हाताची ही एवढीच नोंद उरली आहे. ती पुसून टाकणारा संग्राहक बंदुकीचा मालक होईल, पण इतिहासाचा राखणदार होणार नाही.