आधी बारीक नळी तुंबते

प्रश्न : वय ४८. पिंपळनेरला कांद्याची शेती आहे. वर्षभरापासून संबंधाच्या वेळी ताठरता टिकत नाही. मधुमेह आहे, तंबाखूही खातो. मित्र म्हणतो, मेडिकलमधून गोळी आण. घेऊ का?
– एक वाचक

उत्तर : गोळीआधी हृदय तपासा. ताठरता येते ती रक्तप्रवाहामुळे. लिंगाच्या धमन्या जेमतेम १-२ मिलिमीटर रुंद, हृदयाच्या ३-४. ठिबकची बारीक नळी मोठ्या पाइपाआधी तुंबते, तसंच हे. म्हणून ही तक्रार अनेकदा हृदयविकाराच्या २ ते ५ वर्षं आधी दिसते. मधुमेह आणि तंबाखू दोन्हीकडच्या धमन्या बिघडवतात. मानसिक ताण किंवा चालू औषधंही कारण असू शकतात. ते डॉक्टरांना ठरवू द्या.

लाज न बाळगता डॉक्टरांना सगळं सांगा. रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल, ईसीजी करून घ्या. गरज पडल्यास धुळ्याला हृदयतज्ज्ञांना दाखवा. सिल्डेनाफिलसारखी गोळी सल्ल्यानेच घ्या. हृदयासाठी सॉर्बिट्रेटसारखी नायट्रेटची गोळी घेणाऱ्याने सिल्डेनाफिल घेतली, तर रक्तदाब जीवघेणा कोसळू शकतो. तंबाखू आजच सोडा, रोज अर्धा तास चाला. चालताना छातीत दडपण आलं, तर लगेच १०८ला फोन करा.