बांधकाम कामगाराचा हात आणि भरपाईचा कायदा

आपल्या समाजातील अनेक घरे आज गवंडी, सुतार, सेंट्रिंगवाले, सळई वाकविणारे, फरशी बसविणारे आणि बिगारी यांच्या कमाईवर उभी आहेत. या सर्वांचे भांडवल एकच, ते म्हणजे दोन हात. कटरखाली बोट गेले, प्लेटखाली पंजा चेंगरला की ठेकेदार दवाखान्यात नेतो, बिल भरतो, वर दोन-पाच हजार हातावर ठेवतो आणि कोऱ्या कागदावर अंगठा घेतो. अंगठाच गेला असेल तर दुसऱ्या हाताचा घेतो! घरचे लोक त्याचे उपकार मानतात. येथेच मोठी चूक होते, म्हणून हा विषय आम्ही अभ्यासासाठी घेतला आहे.

या विषयाचा मूळ कायदा १९२३ सालचा. पूर्वी त्याला कामगार नुकसानभरपाई कायदा म्हणत. २०१० पासून ‘कर्मचारी भरपाई कायदा’ हे नाव आले. २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० अमलात आली असून भरपाईचा विषय आता तिच्यात आहे. आम्ही खाली दिलेले नियम आणि हिशोब १९२३ च्या कायद्याप्रमाणे आहेत, कारण त्यापूर्वीच्या अपघातांचे दावे त्यावरच चालतात आणि संहितेची मांडणीही त्याच धर्तीवर आहे.

या कायद्याच्या परिशिष्टात प्रत्येक इजेपुढे कमाईची शक्ती किती टक्के गेली ते लिहिलेले आहे. दोन्ही हात गेले तर १००. एक पंजा गेला तर ६०. एका हाताची चार बोटे ५०, अंगठा ३०, अंगठ्याचे फक्त वरचे पेर २०. पूर्ण तर्जनी १४, मधले बोट १२, अनामिका किंवा करंगळी ७. बोटाचे नुसते टोक हाड न जाता छाटले गेले तरी तर्जनीला ५ आणि करंगळीला २ टक्के आहेत. उजवा-डावा असा भेद कायदा करीत नाही. हे आम्हाला योग्यच वाटते, कारण गवंड्याच्या उजव्या हातात थापी असली तरी वीट डाव्याच हाताने उचलावी लागते.

याच परिशिष्टाखाली एक टीप आहे, ती फार थोड्यांना माहीत असते. अवयव जागेवर आहे, पण त्याचा उपयोग पूर्णपणे व कायमचा गेला, तर तो अवयव गेला असेच धरतात. शीर तुटून ताठ झालेले बोट घेऊन फिरणारा कामगार ‘माझे बोट तर आहे’ म्हणून गप्प बसतो. त्याने गप्प बसू नये.

आता हिशोब पाहू. समजा, ३० वर्षांच्या फरशी कारागिराचा अंगठा २०२२ साली कटरने गेला. त्याला महिन्याला १८,००० रुपये मिळत असले तरी ३ जानेवारी २०२० पासून हिशोबासाठी कमाल १५,००० धरतात. त्याचे ६० टक्के म्हणजे ९,०००. ३० वर्षे वयाचा गुणक २०७.९८ आहे. गुणाकार १८,७१,८२० रुपये येतो. ही झाली पूर्ण अपंगत्वाची रक्कम. अंगठ्याचे ३० टक्के म्हणून ५,६१,५४६ रुपये. शिवाय हात बरा होईपर्यंत दर पंधरवड्याला महिन्याच्या पगाराच्या २५ टक्के, म्हणजे ३,७५० रुपये. ही पंधरवड्याची रक्कम मात्र पुढे एकरकमी भरपाईतून वजा होते.

दवाखान्याचा खर्च यातून वजा होत नाही. उपचारासाठी मालकाने दिलेला पैसा भरपाई धरायचा नाही, असे कायद्यातच म्हटले आहे, आणि २०१० पासून उपचाराचा प्रत्यक्ष खर्च परत करणे ही मालकाचीच जबाबदारी आहे. तेव्हा बिल भरणारा ठेकेदार दया करीत नसतो. भरपाईचा हक्क सोडून देणारा करारही कायद्याने रद्दबातल ठरतो, मग त्यावर कोणाचाही अंगठा असो.

टक्केवारी हा मात्र नेहमीच शेवटचा शब्द नसतो. ओरिसातील एका चित्रपटगृहात नक्षीकाम करणारा एक सुतार १९६८ साली पडला आणि त्याचा डावा हात कोपरापासून कापावा लागला. हे अंशतः अपंगत्व आहे, असे मालक म्हणाला. आयुक्तांनी पाहिले ते एवढेच की, हा माणूस सुतार आहे आणि सुतारकाम एका हाताने होत नाही. रंधा मारायला, करवत चालवायला दुसऱ्या हाताने लाकूड धरावे लागते. त्यांनी शंभर टक्के नुकसान धरले आणि १९७५ साली सर्वोच्च न्यायालयाने ते कायम केले. म्हणून अर्जात ‘कामगार’ एवढेच न लिहिता धंदा लिहावा, आणि त्या धंद्यात तो हात काय काम करीत होता तेही लिहावे. करंगळी गेली की शंभर टक्के मिळतील असा याचा अर्थ नव्हे. पण धंदा न सांगणाऱ्याला हा युक्तिवाद करताच येत नाही.

मालकाचा नेहमीचा बचाव असा की, चूक कामगाराचीच होती. साध्या निष्काळजीपणाने हक्क जात नाही. मात्र नशेमुळे अपघात झाला, किंवा सुरक्षेसाठी बसविलेले साधन कामगाराने जाणूनबुजून काढले, तर बोट वा अंगठ्यासारख्या अंशतः अपंगत्वाची भरपाई नाकारता येते. ग्राइंडरचे गार्ड काढून काम करण्याची सवय म्हणूनच दुप्पट महाग पडते. मुकादमानेच गार्ड नसलेले मशीन हातात दिले असेल तर गोष्ट वेगळी; ती साक्षीदारांसह लगेच लिहून ठेवावी.

ठेकेदार पळाला तर काय? बिल्डरने आपल्या धंद्याचे काम ठेकेदाराकडून करून घेतले असेल तर भरपाई बिल्डरकडूनही मागता येते. नाक्यावरून एका दिवसासाठी नेलेल्या कामगारालाही २००० सालच्या दुरुस्तीनंतर ‘तात्पुरता’ म्हणून बाहेर ठेवता येत नाही. कामगार राज्य विमा योजनेत नोंद असेल तर मात्र या कायद्याखाली दावा चालत नाही, विमा महामंडळाकडे जावे लागते.

अपघाताची लेखी सूचना मालकाला लगेच द्यावी आणि तिची पोच घ्यावी. दाव्याची मुदत अपघातापासून दोन वर्षे आहे. देय झाल्यापासून महिन्याभरात रक्कम न दिल्यास १२ टक्के व्याज लागते, आणि सबळ कारण नसेल तर ५० टक्क्यांपर्यंत दंडही होतो. हजेरीचे कार्ड, खर्चीची वही, पहिल्या दिवसाचा दवाखान्याचा केसपेपर, एक्स-रे आणि सोबत काम करणाऱ्या दोघांची नावे-पत्ते एका पिशवीत जपून ठेवावेत. केसपेपरवर ‘घरी पडून लागले’ असे कोणी लिहवून घेत असेल तर तेथेच हरकत घ्यावी. पुढे तोच कागद आयुक्तांसमोर पहिला येतो.