कंपवात : औषधात खंड पडू नये म्हणून

मन आणि म्हैस या नद्यांच्या संगमावरील बाळापूर हे ऐतिहासिक किल्ल्यासाठी सर्वत्र परिचित आहे. अकोल्याचे अंतर येथून सुमारे 25 किलोमीटर आहे व राष्ट्रीय महामार्ग गावाजवळूनच जातो. असे असले तरी मज्जासंस्थेच्या तज्ज्ञास दाखवावयाचे तर तालुक्यातील रुग्णाला बहुधा अकोलाच गाठावे लागते. वाडेगाव, व्याळा किंवा उरळ येथील कुटुंबाच्या दृष्टीने तो अख्ख्या दिवसाचा प्रवास ठरतो. ज्या घरात कंपवाताचा रुग्ण आहे, त्या घराला हा प्रवास वर्षानुवर्षे करावा लागतो. तो एखाद्या महिन्यात चुकला की औषधात खंड पडतो.

इंग्रज वैद्य जेम्स पार्किन्सन यांनी 1817 मध्ये या विकाराचे वर्णन केले. मेंदूतील डोपामाइन हे द्रव्य निर्माण करणाऱ्या पेशी क्रमाने नष्ट होतात. त्यामुळे हालचाल मंदावते, स्नायू ताठरतात आणि हातापायांना कंप सुटतो. लेव्होडोपा व कार्बिडोपा यांची संयुक्त गोळी हा आजही उपचाराचा मुख्य आधार आहे. मात्र या गोळीचा अंमल अल्पकाळ टिकतो. कार्बिडोपाची जोड असूनही सुमारे दीड तासात रक्तातील लेव्होडोपा निम्म्यावर येते. म्हणूनच जुन्या रुग्णाला दिवसातून चार-पाच वेळा, ठरलेल्या वेळी गोळी द्यावी लागते. रक्तदाबाची गोळी एक दिवस चुकली तर रुग्णाला ते बहुधा जाणवतही नाही. येथे मात्र दुपारची गोळी चुकली की संध्याकाळी खुर्चीतून उठणे अशक्य होते. औषध एकाएकी बंद पडल्यास तीव्र ताप, कमालीचा ताठरपणा व बुद्धिभ्रंश अशी प्राणघातक अवस्थाही उद्‌भवू शकते.

हा खंड पडतो कसा? निष्काळजीपणापेक्षा हिशेबाची चूक हे त्याचे अधिक मोठे कारण असावे, असे प्रस्तुत लेखकास वाटते. दिवसाला चार गोळ्या या प्रमाणात 120 गोळ्या 30 दिवस पुरतात. मध्यंतरी डॉक्टरांनी पाचवी गोळी वाढविली, तर तोच साठा 24 दिवसांत संपतो. एका वेळी दीड गोळी सुरू केली, तर तो 20 दिवसच पुरतो. घरातील माणसे मात्र महिनाअखेरीचीच वाट पाहत राहतात. यासाठी मात्रा बदलल्याच्या दिवशीच शिल्लक गोळ्या मोजाव्यात, त्यांना रोजच्या संख्येने भागावे आणि येणाऱ्या तारखेच्या दहा दिवस आधीची तारीख भिंतीवरील दिनदर्शिकेवर लिहावी. औषध आणण्याची खरी तारीख तीच होय. स्वयंपाकाच्या गॅसची दुसरी टाकी आपण पहिली संपण्यापूर्वीच भरून ठेवतो. तीच सवय येथेही हवी.

दहा दिवस अधिक वाटतील, पण अडचणी सांगून येत नाहीत. ऑक्टोबर 2021 च्या अखेरीस सुरू झालेला राज्य परिवहन कर्मचाऱ्यांचा संप एप्रिल 2022 पर्यंत लांबला होता, हे खेड्यापाड्यांतील लोक विसरलेले नाहीत. पावसाळ्यातील पूर, सणाची सुट्टी, दुकानात माल नसणे ही तर नित्याचीच कारणे. शिवाय ही गोळी डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय मिळत नाही. म्हणून चिठ्ठीची मुदत पाहावी, तिची एक प्रत घरी ठेवावी, आणि प्रवास शक्य नसल्यास शासनाच्या ई-संजीवनी या दूरसल्ला सेवेची चौकशी करावी.

दुकानदाराने दुसऱ्या कंपनीची गोळी दिल्यास आकडे ताडून पाहावेत. 110 म्हणजे 100 मिलिग्रॅम लेव्होडोपा व 10 मिलिग्रॅम कार्बिडोपा. 125 मध्ये कार्बिडोपा 25 असते. 275 मध्ये लेव्होडोपाच 250 असते. सावकाश विरघळणारी गोळी साध्या गोळीच्या जागी परस्पर देऊ नये व ती कुटूनही देऊ नये. हे औषध राष्ट्रीय अत्यावश्यक औषध यादीत समाविष्ट आहे. जनऔषधी केंद्रातही त्याची विचारणा करावी.

पंचायत सदस्यांनी एक बाब ध्यानात घ्यावी. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 च्या अनुसूचीत पार्किन्सनचा स्पष्ट उल्लेख आहे. ग्रामपंचायतीने स्वउत्पन्नाचे 5 टक्के दिव्यांगांच्या कल्याणासाठी खर्च करावयाचे असतात. अशा रुग्णास प्रमाणपत्र मिळवून देण्यास ग्रामसेवक व शिक्षक साहाय्य करू शकतात. अकोल्यास नित्य जाणाऱ्या एखाद्या कर्मचाऱ्याने दोन-तीन घरांच्या गोळ्या एकत्र आणल्या, तरी पुष्कळ काम भागते.

इतके करूनही गोळ्या संपल्याच, तर डॉक्टरांना त्वरित दूरध्वनी करावा. चुकलेल्या मात्रा एकदम देऊ नयेत. खाजकुहिलीच्या बियांत लेव्होडोपा असते हे खरे. परंतु तिचे प्रमाण अनिश्चित असल्याने ते चूर्ण गोळीऐवजी देणे धोक्याचे आहे. रुग्णास ताप चढून अंग ताठले, तर त्यास विनाविलंब रुग्णालयात न्यावे. सोबत रिकामी पाकिटे व गोळ्यांच्या वेळांचा कागद असावा. उलटीसाठी मेटोक्लोप्रामाइड देण्यापूर्वी रुग्णास कंपवात असल्याचे तेथील डॉक्टरांना आवर्जून सांगावे, कारण त्या औषधाने हा विकार बळावतो.