हेडफोनमधील खर्जाची पारख

ध्वनी म्हणजे हवेतील कंपने. दर सेकंदास होणाऱ्या कंपनांच्या संख्येला कंप्रता म्हणतात व ती हर्ट्झ या एककात मोजतात. निरोगी तरुण माणसाला साधारणपणे २० ते २०,००० हर्ट्झ या मर्यादेतील ध्वनी ऐकू येतात. यांपैकी सुमारे २५० हर्ट्झच्या खालचा भाग म्हणजे खर्जाचा प्रदेश. बाजारात यालाच ‘बेस’ म्हणतात. काळी एक या पट्टीत गाणाऱ्या पुरुष गायकाच्या तंबोऱ्यातील खर्जाची तार सुमारे ६९ हर्ट्झला लावलेली असते, तर पियानोची सर्वांत खालची पट्टी २७.५ हर्ट्झला वाजते. संगीताला भारदस्तपणा येतो तो याच प्रदेशामुळे. त्यामुळे हेडफोन विकत घेताना खर्ज भरपूर असावा अशी अपेक्षा असणे स्वाभाविक आहे. परंतु खर्ज भरपूर असणे आणि तो चांगला असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. निवड करताना हा भेद प्रथम ध्यानात घेतला पाहिजे.

बहुतेक हेडफोनांत चुंबकीय क्षेत्रात बसविलेले तारेचे एक बारीक वेटोळे असते व त्याला एक पातळ पटल जोडलेले असते. वेटोळ्यातून बदलता विद्युत्प्रवाह गेला की पटल मागेपुढे हलते आणि हवेत कंपने निर्माण होतात. या रचनेचा पहिला हेडफोन जर्मनीतील बायर या कंपनीने १९३७ मध्ये तयार केला. ४० हर्ट्झच्या ध्वनीची तरंगलांबी सुमारे साडेआठ मीटर असते. असा ध्वनी खोलीत भरून टाकण्यासाठी लाउडस्पीकरला पुष्कळ हवा हलवावी लागते. हेडफोनला मात्र पटल आणि कानाचा पडदा यांच्यामधली थोडीशी हवाच दाबायची असते, म्हणून एवढेसे पटलही खोल खर्ज निर्माण करू शकते.

यासाठी एक अट मात्र पाळली गेली पाहिजे: ही हवा बंदिस्त राहिली पाहिजे. गादी आणि कान यांच्यामध्ये फट राहिली, तर मंद गतीच्या कंपनांत दाबलेल्या हवेला बाहेर निसटण्यास अवधी मिळतो आणि खर्ज नाहीसा होतो. जलद कंपनांत तेवढा अवधी नसल्याने उंच सुरांवर फारसा परिणाम होत नाही. चष्म्याची काडी किंवा दाट केस एवढ्यानेही असा फरक पडतो. कानात बसणाऱ्या इअरफोनबरोबर लहानमोठ्या मापांची रबरी टोके देतात ती याच कारणाने. इअरफोन बोटाने हळूच आत दाबून पाहावा. तसे करताच खर्ज एकदम वाढला, तर टोक सैल बसते आहे असे समजावे. पुष्कळदा दोष यंत्राचा नसून मापाचा असतो.

रचनेनुसार हेडफोनांचे दोन मुख्य प्रकार पडतात. बंद हेडफोनची पाठ भरीव असते. त्यात बाहेरचा गोंगाट कमी शिरतो आणि आतला आवाज शेजाऱ्यास सहसा ऐकू जात नाही. उघड्या हेडफोनची पाठ जाळीदार असते. १९६८ मध्ये सेनहायझर या जर्मन कंपनीने या प्रकारचा हेडफोन बाजारात आणला. त्यातील ध्वनी मोकळा व नैसर्गिक वाटतो, परंतु अगदी खोल खर्ज बहुधा काहीसा क्षीण असतो. घरी शांतपणे शास्त्रीय संगीत ऐकणाऱ्यास उघडा, तर प्रवासात ऐकणाऱ्यास बंद प्रकार सोयीचा.

खोक्यावर छापलेल्या आकड्यांवर मात्र विसंबून राहू नये. ‘२० ते २०,००० हर्ट्झ’ ही मर्यादा स्वस्त हेडफोनच्या खोक्यावरही आढळते. या मर्यादेत आवाजाची पातळी किती डेसिबेलने वरखाली होते हे सांगितलेले नसेल, तर त्या आकड्याला विशेष अर्थ उरत नाही. पटलाचा व्यास मोठा असला म्हणजे खर्ज चांगलाच असेल, असेही नाही.

शेवटी परीक्षा कानानेच करावयाची. पण कानाच्याही काही खोडी आहेत. हार्वे फ्लेचर आणि विल्डेन मन्सन या अमेरिकी शास्त्रज्ञांनी १९३३ मध्ये दाखवून दिले की, आवाज लहान असताना कान खर्जाच्या बाबतीत बराच बधिर असतो. १,००० हर्ट्झचा ४० डेसिबेलचा सूर जेवढा मोठा वाटतो, तेवढाच ५० हर्ट्झचा सूर वाटण्यास ७० डेसिबेलहून अधिक पातळी लागते. म्हणूनच आवाज वाढविला की खर्ज खुलल्याचा भास होतो. दुकानात दोन हेडफोनांची तुलना करताना दोहोंचा आवाज सारखा ठेवला नाही, तर मोठ्याने वाजणाराच सरस वाटतो.

परीक्षेसाठी आपल्या ओळखीचे ध्वनिमुद्रण निवडावे. डग्ग्यावर मनगटाचा दाब देऊन वादक घुमारा चढवीत नेतो; चांगल्या हेडफोनमध्ये ही चढण स्पष्ट ऐकू येते. फुगवलेल्या खर्जात मात्र प्रत्येक आघात सारखाच ‘धप्प’ वाजतो. त्यानंतर गायकाच्या शब्दांकडे लक्ष द्यावे. खालचे जोरकस सूर वरच्या सुरांना झाकून टाकतात, हा श्रवणाचा नियम आहे. तबला सुरू होताच शब्द अस्पष्ट होत असतील, तर खर्ज प्रमाणाबाहेर आहे.

या साऱ्याचा संबंध केवळ आस्वादाशी नाही. बसगाड्या व आगगाड्या यांचा गोंगाट मुख्यतः खालच्या कंप्रतांचा असतो. त्यात खर्ज बुडतो आणि तो परत मिळविण्यासाठी श्रोता आवाज वाढवितो. त्याबरोबर वरचे सूरही तेवढेच वाढतात आणि अंतर्कर्णातील नाजूक केशपेशींना इजा पोहोचते. या पेशी एकदा नष्ट झाल्या की माणसात पुन्हा निर्माण होत नाहीत. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ यांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मानकानुसार, प्रौढांनी ८० डेसिबेलचा आवाज आठवड्यात ४० तासांपर्यंत ऐकण्यास हरकत नाही. पातळी ३ डेसिबेलने वाढली की सुरक्षित अवधी निम्म्यावर येतो: ८३ डेसिबेलला २० तास, ८६ डेसिबेलला १० तास.

तेव्हा कानाला नीट बसणारा, बाहेरचा गोंगाट अडविणारा आणि लहान आवाजातही खर्ज स्पष्ट ठेवणारा हेडफोन निवडणे हेच श्रेयस्कर. असा हेडफोन संगीताला न्याय देतो आणि श्रोत्याची श्रवणशक्तीही राखतो.