सोनेरी गुडघा सोन्याचा नसतो



गेल्या महिन्यात आमच्या वस्तीतल्या एका मावशींचा मुलगा रिपोर्टांची पिशवी घेऊन विहारात आला. आईचा गुडघा बदलायचा होता. एका खासगी दवाखान्यात त्याला सांगण्यात आले, "साधा बसवू नका. सोनेरी टायटॅनियमचा बसवा, जन्मभर झिजत नाही." पोरगा बचत गटातून कर्ज काढायला निघाला होता. त्याला जे समजावले तेच इथे लिहिते.

टायटॅनियम हा गुणी धातू आहे. हलका असतो, शरीरात गंजत नाही, हाड त्याला धरून वाढते. सांध्यात वापरतात तो बहुधा मिश्रधातू असतो: साधारण ९० टक्के टायटॅनियम, ६ टक्के ॲल्युमिनियम, ४ टक्के व्हॅनेडियम. तो कोबाल्ट-क्रोमच्या जवळपास निम्माच ताठ असतो, त्यामुळे शेजारच्या हाडावरही भार येत राहतो आणि हाड टिकते. खुबा बदलताना मांडीच्या हाडात बसवतात तो दांडा पुष्कळदा याचाच असतो.

पण घासण्यापुढे हा धातू कच्चा पडतो. त्याच्या अंगावर ऑक्साइडची पातळ साय असते. घासले की ती निघते, खालचा मऊ धातू उघडा पडतो, आणि सुटलेले कण पॉलिशपेपरासारखे पुन्हा तिथेच घासतात. पूर्वी खुब्याचे गोळेही टायटॅनियमचे बसवून पाहिले गेले. काही रुग्णांची पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागली, तेव्हा सांध्याभोवतीचे मांस धातूच्या भुकटीने काळे पडलेले दिसले. म्हणून आज घासणारा भाग बहुतेक वेळा कोबाल्ट-क्रोमचा किंवा सिरॅमिकचा असतो आणि त्याच्यासमोर पॉलिथिलिन हे टणक प्लास्टिक असते.

टायटॅनियमची ही खोड मोडायला त्याचा पृष्ठभाग कठीण करतात. एक रीत अशी की धातू नायट्रोजन वायूत ७०० ते ९०० अंशांपर्यंत तापवायचा. नायट्रोजन आत मुरतो आणि वरचा थर कडक होतो. दुसऱ्या रीतीत निर्वात पेटीत टायटॅनियम नायट्राइडचा थर वर चढवतात. हा थर मूळ मिश्रधातूच्या पाच-सहा पट कठीण असतो आणि त्याचा रंगच सोनेरी असतो. सोन्याचा त्यात कणही नाही. जाडी काही मायक्रॉन. आपला केस साधारण ७० मायक्रॉनचा असतो.

आता मातीच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा आठवा. हात फिरवला तर टणक लागतो, पण जोरात ठोसा बसला की माती दबते आणि गिलावा तडकतो. मऊ धातूवरच्या कडक थराचे तसेच होऊ शकते. हाडाच्या सिमेंटचा एखादा खडा सांध्यात अडकला तर थराला ओरखडा पडतो, कधी पापुद्रा सुटतो. मुरवलेला थर असा सहज सुटत नाही, कारण आतला आणि वरचा भाग एकजीव असतो.

आणखी एक गोष्ट दुकानदारीत सांगत नाहीत. पुष्कळ 'सोनेरी' गुडघ्यांत मांडीकडचा भाग आतून कोबाल्ट-क्रोमचाच असतो, वर फक्त नायट्राइडचा थर. निकेलची ॲलर्जी असेल तर त्याचा विचार करतात. मावशींना विचारले, खोटे कानातले घातल्यावर कान चिघळतो का? "कधीच नाही," म्हणाल्या. एवढ्यावर ॲलर्जीचा निकाल लागत नाही, पण डॉक्टरांना सांगण्यासारखी गोष्ट आहे. बाकीच्यांमध्ये सोनेरी गुडघा साध्यापेक्षा जास्त टिकतो, असे तुलनात्मक चाचण्यांतून सिद्ध झालेले नाही. आणि साधाही काही लेचापेचा नाही. ऑस्ट्रेलिया व फिनलंडमधील नोंदींवरून २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दहापैकी आठ गुडघे २५ वर्षे टिकल्याचे दिसले.

(हात मोडल्यावर बसवलेल्या निळ्या-जांभळ्या टायटॅनियम स्क्रूंचे रंग वेगळे. ते ऑक्साइडचे असतात आणि बहुधा माप ओळखण्यासाठी. रंगावरून भाव ठरवू नका.)

भावाचेही बोलू. ऑगस्ट २०१७ मध्ये राष्ट्रीय औषध किंमत प्राधिकरणाने गुडघ्याच्या सांध्यांच्या किमतींवर मर्यादा घातली. कोबाल्ट-क्रोमचा पूर्ण संच ५४,७२० रुपये, टायटॅनियम किंवा ऑक्सिडाइज्ड झिर्कोनियमचा ७६,६०० रुपये, जीएसटी वेगळा. पुढे आकडे बदलू शकतात, म्हणून आजचा दर विचारून घ्या. सांध्याची किंमत, कंपनी आणि बॅच क्रमांक बिलात वेगळा लिहून मागा. धर्मादाय रुग्णालयात १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखीव असतात. तिथे समाजसेवा अधिकाऱ्याला भेटा, काउंटरवरून परत फिरू नका.

डॉक्टरांना सरळ विचारा: घासणारा भाग कशाचा आहे? थर चढवलेला आहे की मुरवलेला? माझ्याच आईला तो का हवा? तथागतांनी कालामांना सांगितले होते की कोणी मोठा सांगतो म्हणून मानू नका. पांढऱ्या कोटालाही ते लागू आहे, आणि मी तो कोट घालून वीस वर्षांच्या आसपास उभी राहिले आहे.

शस्त्रक्रियेनंतर सूज, नव्याने दुखणे, सांधा डगमगणे किंवा ताप आला तर मालीश करत बसू नका, त्याच आठवड्यात दाखवा. ताप आणि जखमेतून पाणी असेल तर त्याच दिवशी.

मावशींना कोबाल्ट-क्रोमचा गुडघा बसला. कर्ज काढावे लागले नाही. सांध्याच्या खोक्यावरचे स्टिकर मुलाने मागून घेतले आणि रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवले आहे.