आदेश कोणाचा, तपासणी कोणाची?

महाडच्या कोर्टात पोलादपूरकडच्या वाड्या-वस्त्यांवरून येणारे पक्षकार हल्ली हमखास विचारतात, "वकीलसाहेब, आमचा फोन टॅप होतोय का?" त्यांना जे सांगत आलो, तेच इथे मांडतो.

1. सीडीआर म्हणजे टॅपिंग नव्हे. सीडीआरमध्ये कोणी कोणाला, कधी, कुठल्या टॉवरखालून फोन केला एवढेच दिसते. बोलणे ऐकायला एरवी राज्याच्या गृह सचिवांचा लेखी आदेश लागतो.

2. नुसता गुन्ह्याचा संशय त्या आदेशाला पुरत नाही. सार्वजनिक आणीबाणी किंवा सार्वजनिक सुरक्षितता, यांपैकी एक कारण हवेच. हे शब्द 1885 च्या तार कायद्यात होते आणि 2023 च्या दूरसंचार कायद्यातही आहेत. मुंबईच्या एका व्यावसायिकावर लाचेचा आरोप होता. त्याच्या टॅपिंगचे तिन्ही आदेश मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2019 मध्ये रद्द केले आणि रेकॉर्डिंग नष्ट करायला सांगितले. "गुन्हेगाराला कसलं खासगीपण?" असे कोणी म्हणाले की मी हा निकाल पुढे ठेवतो.

3. आता माझ्या मते सगळ्यात कच्चा दुवा. गृह सचिवांचा आदेश योग्य होता का, हे पाहायला पुनर्विलोकन समिती असते. राज्यात तिचे अध्यक्ष मुख्य सचिव, सोबत विधी विभागाचे सचिव आणि गृह सोडून आणखी एका खात्याचे सचिव. तिघेही त्याच सरकारचे नोकर. न्यायाधीश एकही नाही. ज्याचा फोन ऐकला, त्याला पुढेही काही कळवत नाहीत, मग तो दाद मागणार कुठे? उलटतपासात आम्ही पंचाला विचारतो: चौकीच्या शेजारी राहता का? याआधी किती पंचनाम्यांवर सह्या केल्या? दोनशे रुपयांच्या जप्तीच्या पंचाला हे प्रश्न चालतात, तर या समितीला का नकोत? सचिवांच्या सचोटीबद्दल मला शंका नाही. माझा आक्षेप त्यांच्या जागेला आहे.

4. तपासणारा कोणाच्या पगारावर आहे ते पाहावे, हे महाडकराला वेगळे शिकवावे लागत नाही. 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल वाहून गेला. दोन एसट्या आणि एक तवेरा नदीत गेली. त्याच वर्षी मे महिन्यात पाहणी होऊन पूल सुरक्षित ठरला होता. पूल सांभाळणारे बांधकाम खाते, पाहणी करणारेही तेच खाते.

5. स्वतंत्र माणसे नेमली तरी कागद हातात पडावे लागतात. पेगॅसस या फोनवर पाळत ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या प्रकरणात केंद्र सरकार स्वतःच तज्ज्ञ समिती नेमायला तयार होते. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2021 मध्ये ते नाकारून निवृत्त न्यायमूर्ती रवींद्रन यांच्या देखरेखीखाली आपली समिती नेमली. आयआयटी मुंबईचे अश्विन गुमास्ते तिच्यात होते. समितीने 29 फोन तपासले, पाचांत घातक सॉफ्टवेअर सापडले, ते पेगॅससच होते असे ठरले नाही. सरकारने सहकार्य केले नाही, असे समितीने कळवल्याचे सरन्यायाधीशांनी ऑगस्ट 2022 मध्ये भर कोर्टात सांगितले.

पुनर्विलोकन समितीत न्यायाधीश हवा, आणि टॅपिंग संपल्यावर ठरावीक मुदतीत त्या माणसाला कळवायला हवे. मते मागायला दारात येणाऱ्या प्रत्येक उमेदवाराला या दोन गोष्टींवर त्याची भूमिका विचारा.